कबरीवरचे पाखरू

काही वर्षांपूर्वी अशाच एका ख्रिस्ती नियतकालिकासाठी मी माझ्या आईवर स्मृतिलेख लिहिला होता. त्याचा शेवट असा होता की, २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही कबरीपाशी प्रार्थना करीत असताना एक पांढरेशुभ्र कबूतर तिच्या क्रुसावर येऊन बसले, क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले आणि मग आकाशात दिसेनासे झाले. लेख पुष्कळांना आवडला. ते शेवटचे वाक्य वाचून डोळे भरून आल्याचे दोघा-तिघांनी आवर्जून कळवले. मावशीने मात्र लेख वाचून चष्मा काढला आणि विचारले, "कबूतर कुठं होतं रे? मी होते ना तुझ्या शेजारी. शेपूट हलवीत चालणारं धोब्याचं पाखरू होतं ते. आणि क्रुसावर नाही, खाली मातीत किडे टिपत होतं."

मावशीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तो पांढरा धोबी होता. पावसाळा सरला की हा पक्षी हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडच्या प्रदेशातून आपल्याकडे उतरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातो. म्हणजे हजाराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून एक पाहुणा माझ्या आईच्या कबरीपाशी आला होता. मी त्याला लेखातून हाकलून दिले आणि त्याच्या जागी धार्मिक चित्रांतले कबूतर आणून बसवले. मावशीच्या त्या प्रश्नाला तेव्हा मी काहीतरी हसण्यावारी उत्तर दिले. परंतु तो प्रश्न साधा नव्हता, हे पुढे हळूहळू उमगत गेले. दफनभूमीत पाखरे पाहावीत का, पाहायची तर कोणत्या रीतीने, आणि पाहिल्यावर लिहायचे ते कसे, हे तीनही प्रश्न त्यात दडलेले होते. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

ते कबूतर माझ्या लेखणीत आले कोठून? आपल्या लिखाणात मृत्यूच्या जागेवरचे पक्षी आधीच ठरलेले असतात. सज्जन माणसाच्या कबरीवर कबूतर यायचे, आणि भयकथा असेल तर घुबडाने घुत्कार करायचा व टिटवीने ओरडत जायचे. लेखकाला त्यासाठी स्मशानात किंवा दफनभूमीत पाऊल ठेवावे लागत नाही. नाटक कंपनीच्या पेटाऱ्यातून रंगवलेला पडदा काढावा, तसा तो हे पक्षी काढतो. वाचकालाही ते ओळखीचे असतात, त्यामुळे तो थांबून पाहत नाही.

टिटवीचेच उदाहरण घ्या. रात्री टिटवी ओरडली की कोणीतरी जाणार, असे आपल्या वाडीतील वडीलधारी माणसे सांगत आली. वस्तुतः टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या खळग्यात ती अंडी घालते. माणूस, कुत्रे, मुंगूस, कोणीही जवळ आले की ती जिवाच्या आकांताने ओरडत त्याच्या डोक्यावरून घिरट्या घालते. दफनभूमीची मोकळी जमीन तिला सोयीची असते, आणि मयतीच्या तयारीसाठी अवेळी तेथे माणसे येतात. ती ओरडते आपल्या अंड्यांसाठी, आपण मात्र त्या ओरडण्याचा संबंध आपल्या घरातील आजाऱ्याशी जोडतो. गंमत अशी की, आपल्या जुन्या साहित्याला ही टिटवी अधिक चांगली ठाऊक होती. पंचतंत्रातील टिटवीचे जोडपे अंडी वाहून नेणाऱ्या समुद्राशी वैर मांडते. ज्ञानेश्वर गीतेवर भाष्य करण्याच्या आपल्या धाडसाची तुलना चोचीने सागर मोजू पाहणाऱ्या टिटवीशी करतात. तेथे ती अशुभ नाही. लहान आहे, हट्टी आहे आणि आपल्या कामात गढलेली आहे. अपशकुनाच्या टिटवीपेक्षा ही टिटवी खऱ्या टिटवीच्या कितीतरी जवळची आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पक्ष्याची उपमा देणे हा काही दोष नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापून झालेल्या आपल्या ख्रिस्तपुराणात मराठी भाषेची थोरवी सांगताना पक्ष्यांमधील मोराचा दाखला दिला. तो मोर कोणत्या झाडावर बसला होता, असे कोणी विचारत नाही, कारण ती उपमा आहे हे कवी आणि वाचक दोघेही जाणतात. यार्देनकाठी उतरलेल्या कबुतराचा प्रश्न तर त्याहून वेगळा आहे, ती शुभवर्तमानाची साक्ष आहे. माझे कबूतर या दोन्हींपैकी कोणतेच नव्हते. मी त्याला 'पाहिले' म्हणून लिहिले होते. उपमेला साक्षीचे कपडे चढवले की ती खोटी साक्ष होते, आणि आपल्याला तर आठवी आज्ञा लहानपणापासून पाठ आहे.

मराठी कवितेत या दोन रीती एकाच घराच्या आश्रयाला नांदल्या, ही विलक्षण गोष्ट आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तरुण बालकवींना आपल्या घरी आसरा दिला होता. बालकवींची 'पारवा' ही कविता आपणांपैकी अनेकांनी शाळेत वाचली असेल. पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर बसलेला एकटा पारवा आणि त्याचे उदास घुमणे, असे तिचे चित्र आहे. कविता श्रेष्ठ आहे, यात वाद नाही. परंतु त्या घुमण्यातले दुःख बालकवींचे आहे. पारव्याचे घुमणे बहुतेक वेळा जोडीदारिणीला साद घालण्यासाठी असते, त्या पडक्या धर्मशाळेत पारव्याचा कदाचित संसार थाटला जात असेल. आता टिळकांची 'केवढे हे क्रौर्य!' आठवा. पिलांसाठी चारा घेऊन निघालेली पक्षीण घायाळ होते, धडपडत घरट्यापाशी पोहोचते आणि पिलांसमोर प्राण सोडते. शेवटी कवी तिचा मृत देह कसा पडला ते सांगतो. पंख, पोट, चोच आणि पाय, एकेक अवयव कसा दिसत होता ते तो नोंदवतो. त्याने खरोखर मेलेले पाखरू जवळून पाहिले असले पाहिजे. ती पक्षीण कोणाच्या आत्म्याचे प्रतीक नाही. ती मेली आहे, आणि आपल्याला वाईट वाटते ते तिच्याचसाठी. माझ्या मते बालकवींच्या कवितेत संगीत अधिक आहे, टिळकांच्या कवितेत न्याय अधिक आहे. मृतांविषयी लिहिताना आपल्याला या दुसऱ्या गुणाची गरज जास्त पडते.

दफनभूमीतील पक्ष्यांचा विषय निघाला की थॉमस ग्रे या इंग्रज कवीची १७५१ साली प्रसिद्ध झालेली चर्चच्या आवारातील विलापिका आठवतेच. जुन्या पिढीतील मॅट्रिकवाल्यांना ती पाठ असे. तिच्यातही घुबड आहे आणि म्हणून ती नेहमीच्याच पठडीतली वाटते. पण नीट वाचले की ध्यानात येते, ग्रेचे घुबड कोणाला भिववीत नाही. ते चंद्राकडे तक्रार करीत आहे की, माझ्या एकांतातल्या जागेजवळ ही माणसे का भटकतात! दोनशे सत्तर वर्षांपूर्वी या कवीने ओळखले की दफनभूमीत रात्री उपरा असतो तो माणूस, घुबड तेथले रहिवासी आहे. पक्षी पाहण्याची जी काही आचारसंहिता आज आपण मांडू, तिचे मूळ त्या एका तक्रारीत सापडते.

आणि काही ठिकाणी तर पक्षी रहिवासीच नव्हे, सेवेकरी होते. मुंबईच्या मलबार हिलवरील डुंगरवाडीत पारशी समाज आपले मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करीत आला. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, ते औषध अंगात असलेली मेलेली गुरे खाऊन, गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर एका प्राचीन समाजाचा अंत्यविधीच अडचणीत सापडला होता. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे दहाव्याला पिंडाला शिवायला कावळा लागतो, तोही खराच लागतो. कावळ्याचे चित्र ठेवून चालत नाही. मृत्यूच्या जागी पाखरू ही जिवंत वस्तू आहे, ती शब्दांनी भरून काढता येत नाही, हे या दोन्ही समाजांनी आपल्यापेक्षा अधिक ओळखले आहे.

मावशीच्या त्या प्रश्नानंतर मी पाहावयास शिकलो. मी चिंचोटीचा. आमच्या पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, ज्यांना २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. पायथ्याशी रात्रंदिवस वाहणारा अहमदाबाद महामार्ग, आणि पश्चिमेला मिठागरे ओलांडली की वसईची वाड्यावाड्यांची सपाटी. डोंगरातील पाखरे महामार्ग ओलांडून सपाटीवर येतात तेव्हा त्यांना टेकायला जागा हवी असते. बागायती आटल्या, वाड्यांत इमारती उभ्या राहिल्या. अशा वेळी जुनी झाडे, न नांगरलेली जमीन आणि शांतता या तीन गोष्टी एकत्र मिळण्याचे ठिकाण गावोगावी एकच उरले, ते म्हणजे दफनभूमी. तेथे चाफा असतो, वड-पिंपळ-उंबर असतात, कोपऱ्यात पालापाचोळा कुजत असतो. एखाद्या सकाळी मिस्सा आटोपल्यावर अर्धा तास तेथे नुसते उभे राहावे. उंबरावर तांबट ठोके देत असतो. पाचोळा उलटवीत सातभाईंचा कलकलाट चाललेला असतो. चाफ्यावर शिंजीर फुलांत चोच खुपसून असतो. हिवाळ्यात हळद्या झाडातून पिवळी रेघ ओढल्यासारखा निघून जातो. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे दयाळ गाऊ लागला की प्रार्थनेचे शब्द आपोआप थांबतात आणि ते थांबले याचे वाईटही वाटत नाही. कबुतराच्या कुळातले कोणी हवेच असेल, तर होला आहे. मातकट, ठिपकेवाला, कबरींच्या मधून दाणे टिपीत चालणारा. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये गेलात तर जमिनीवर पोर्तुगीज कबरींचे शिलालेख दिसतील. १७३९ च्या मे महिन्यात किल्ला मराठ्यांच्या हाती आला. आज त्या चर्चवर छप्पर नाही, आणि भिंतींच्या खोबणींत पोपट आणि पारवे नांदत आहेत. स्तोत्रकर्ता ८४व्या स्तोत्रात हेवा करतो तो अशाच पाखरांचा, ज्यांना परमेश्वराच्या वेदीपाशी पिलांसाठी जागा मिळाली.

आता रीतीचा प्रश्न. दफनभूमीत दुर्बीण घेऊन जाणे हा मृतांचा अवमान आहे, असे काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात. त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो कोठून येतो हे चिंचोटीच्या माणसाला चांगले कळते. आमच्या धबधब्यात अनेक पावसाळ्यांत तरुण मुले बुडून मेली, प्रशासनाला मनाईचे आदेश काढावे लागले. तरीही ज्या डोहात कोणाचा तरी मुलगा गेला, त्याच्याच काठावर दुसऱ्या आठवड्यात गाणी वाजतात आणि बाटल्या फुटतात. माणूस मजेसाठी आला की जागेचा इतिहास विसरतो, अशी ज्येष्ठांची भीती आहे. ती खोटी ठरवणे आपल्या हाती आहे.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. जाण्यापूर्वी धर्मगुरूंची किंवा देखरेख करणाऱ्यांची परवानगी घ्यावी. मयत आली की दुर्बीण पिशवीत घालावी आणि शेवटची मूठमाती पडेपर्यंत इतरांसारखे उभे राहावे. त्या वेळी स्वर्गीय नर्तक जरी समोर येऊन बसला, तरी तो आपल्यासाठी नाही असे समजावे. कबरीवर पाय देऊ नये, पक्षी पलीकडे असला तर वळसा घालावा. कोणी एकटे रडत असेल तर त्या बाजूला फिरकू नये. छायाचित्रात कोणाचे नाव, कोणाचा दुःखी चेहरा येऊ देऊ नये. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पाखराला फसवून बोलावू नये. विणीच्या दिवसांत ती फसवणूक त्याला महागात पडते. घरट्याजवळ जाऊ नये, टिटवी डोक्यावर ओरडू लागली तर आल्या वाटेने मागे फिरावे. घुबडाची ढोली सापडली तर तिचा पत्ता चारचौघांत सांगू नये, कारण अंधश्रद्धेपायी घुबडे पकडणारे आणि मारणारे आजही आहेत. २ नोव्हेंबरला दुर्बीण घरीच ठेवावी. त्या दिवशी जे डोळ्यांनी दिसेल तेवढेच पुरे.

या यादीत पक्ष्यांसाठीचे नियम कोणते आणि मृतांसाठीचे कोणते, हे वेगळे काढू लागलो तर सीमारेषा पुसट होत जाते. हळू चालणे, कमी बोलणे, आपल्या इच्छेपेक्षा समोरच्याच्या शांततेला अधिक मान देणे, आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखणे. मृतांसाठी प्रार्थना करताना आपण वेगळे काय करतो? मिस्सामध्ये आपण नावे वाचतो. 'एक सज्जन' असे म्हणत नाही. दिवंगत मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर पाखरांच्या, झाडांच्या मराठी नावांचा जो शोध घेतला, आदिवासींकडून ऐकलेले शब्द जे टिपून ठेवले, ते मला याच जातीचे काम वाटते. नाव ठाऊक झाले की पाखरू गर्दीतून बाहेर येते.

येथे मी आपल्या स्मृतिलेखांकडे पुन्हा वळतो, कारण या टीकेचे खरे लक्ष्य तेच आहेत. आपल्या नियतकालिकांत दरवर्षी कितीतरी श्रद्धांजल्या छापल्या जातात. त्यांतील माणसे सर्व मायाळू, सर्व धर्मनिष्ठ, सर्व हसतमुख. वाचून संपल्यावर त्यांतील एकही डोळ्यांसमोर उभे राहत नाही. माझ्या आईविषयीच्या लेखातही ती 'प्रेमाची मूर्ती' होती. प्रत्यक्षात ती तापट होती, बाजारात केळ्यांच्या घडासाठी तासभर घासाघीस करी आणि रात्री रोझरी म्हणताना तिसऱ्या दशकात झोपून जाई. यातले काहीच मी लिहिले नाही. ज्या हाताने धोब्याचे कबूतर केले, त्याच हाताने मी आईची मूर्ती केली. पाखराच्या बाबतीतला खोटेपणा क्षुल्लक म्हणता येईल, परंतु ती एकच सवय आहे. जो शेजारचे पाखरू न पाहता लिहितो, तो कबरीतील माणूसही न पाहता लिहितो. येशूने चिमण्यांचे उदाहरण दिले तेव्हा बाजारातला त्यांचा भावही सांगितला. दोन दमड्यांना पाच, इतकी स्वस्त पाखरे. आणि त्यांतले एकही देव विसरत नाही. जे देव विसरत नाही, ते आपण लेखाच्या शोभेसाठी बदलावे काय?

दुसरी एक सवय अधिक तातडीची आहे. आपल्या भागातील एका दफनभूमीत अलीकडे सुधारणा झाली. पाचोळ्याचा त्रास नको म्हणून झाडे तोडली, आणि चिखल नको म्हणून सर्वत्र फरशीचे ठोकळे बसवले. हेतू वाईट नव्हता. वृद्धांना चालणे सोपे झाले, हेही खरे. परंतु धोब्याला किडे मातीतच मिळतात, सातभाईंना पाचोळा लागतो, टिटवीला उघडी जमीन लागते. फरशीवर आता २ नोव्हेंबरला मेणबत्त्यांचे मेण तेवढे उरते. चालण्यापुरती पायवाट बांधून बाकी जमीन मोकळी ठेवता आली असती. मृत झाडे काढून जिवंत झाडे राखता आली असती. आपला वसईचा संत गोन्सालो गार्सिया, जो १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला, तो संत फ्रान्सिसच्या संघाचा बंधू होता. पाखरांना उपदेश करणाऱ्या त्या फ्रान्सिसला १९७९ साली ख्रिस्तसभेने पर्यावरणाचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. त्याचेच नाव धारण करणाऱ्या दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रात सांगितले की, प्रत्येक जीवाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे. एवढा वारसा गाठीशी असलेल्या धर्मग्रामांनी दफनभूमीचा आराखडा करताना एकदा तेथील झाडांची आणि पाखरांची नोंद करावी, एवढीच विनंती. मुलांना हे काम द्यावे. ती आनंदाने करतील, आणि आजोबांची कबर कोठे आहे हेही त्यांना त्या निमित्ताने कळेल.

गेल्या २ नोव्हेंबरला मावशीला घेऊन मी आईच्या कबरीवर गेलो. तिला आता नीट दिसत नाही. प्रार्थना झाल्यावर तिने विचारले, "आलंय का रे?" मी आजूबाजूला पाहिले. धोबी नव्हता. एक होला होता, आणि चाफ्यावर शिंजीर होता. कबूतर नव्हते. मी तिला तसेच सांगितले. ती म्हणाली, "बरं." मग थोड्या वेळाने, "होल्याला तुझी आई शिव्या घालायची. वालाचे दाणे खायचा ना."

त्या जुन्या लेखाच्या शेवटी आता मला हे लिहायचे आहे.